परदेशातल्या स्थलांतराचे आकडे कसे वाचावेत: बडोद्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की हे प्रश्न यायला लागतात. अलकापुरीतल्या कन्सल्टंटच्या भिंतीवर एक ग्राफ लावलेला असतो, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसराच फिरत असतो, आणि एकात कॅनडा चढताना दिसतो तर दुसऱ्यात उतरताना. मी संख्याशास्त्र शिकवतो. व्हिसाचं काम करत नाही, तेव्हा ‘कुठला एजंट बरा’ याचं उत्तर इथे मिळणार नाही. देशादेशांचे आकडे शेजारी ठेवून वाचताना लोक जिथे अडतात, तेवढंच घेतलं आहे. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. घाईत असाल तर निदान ५ आणि ९ वाचा.

१. फिरायला गेलेला, शिकायला गेलेला, लग्न होऊन गेलेली: यांतलं कोण ‘स्थलांतरित’ धरतात?

संयुक्त राष्ट्रांनी १९९८ साली केलेली शिफारस बहुतेक ठिकाणी पायाभूत मानतात: नेहमीचं राहण्याचं ठिकाण सोडून दुसऱ्या देशात किमान १२ महिने राहणारा तो दीर्घकालीन स्थलांतरित. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला गेलेल्या आजी त्यात येत नाहीत. दोन वर्षांच्या एमएससाठी गेलेला नातू येतो.

पण प्रत्येक देशाचा कायदा आपापली चूल मांडतो. ब्रिटनच्या स्थलांतराच्या आकड्यात विद्यार्थी असतात. अमेरिकेच्या कायद्यात विद्यार्थी-व्हिसावाला ‘इमिग्रंट’ नसतो, तिथे ते नाव फक्त कायमच्या वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळालेल्यांना. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तिथे राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत ते बसतात, अमेरिकेच्या आजच्या व्हिसा-व्याख्येत बसत नाहीत. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी विद्यार्थी आत आहेत की बाहेर, एवढं पाहिलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

२. एका बातमीत अमेरिकेत ५ कोटी स्थलांतरित, दुसरीत ११ लाख. खरं कोणतं?

दोन्ही. आजवा तलावाची पातळी किती फूट आहे हा एक आकडा आणि आज धरणात किती पाणी आलं हा दुसरा. परदेशात जन्मलेले जे लोक आज अमेरिकेत राहतात ते ५ कोटींहून जास्त आहेत, ही शिल्लक. २०२३ या त्यांच्या आर्थिक वर्षात सुमारे ११ लाख ७० हजार लोकांना ग्रीन कार्ड मिळालं. ही त्या वर्षाची भर. एका देशाची शिल्लक आणि दुसऱ्याची भर एकाच तक्त्यात मांडलेली मी अनेकदा पाहिली आहे, चांगल्या छापील मासिकांतसुद्धा.

३. जगभर स्थलांतर खरंच वाढतंय का?

वाढतंय, पण ओरड होते तेवढं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जन्मदेशाबाहेर राहणारे १९७० मध्ये सुमारे ८ कोटी ४० लाख होते, १९९० मध्ये १५ कोटींच्या थोडे वर, २०२० मध्ये २८ कोटी १० लाख आणि २०२४ मध्ये ३० कोटी ४० लाख. संख्या साडेतीन पटींहून जास्त झाली. जगाच्या लोकसंख्येतला वाटा मात्र २.३ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर आला. म्हणजे आजही शंभरातले शहाण्णव जण जन्मदेशातच राहतात. १९९० नंतरच्या वाढीतला काही भाग तर कोणी जागचं न हलता झाला आहे. ती गंमत प्रश्न १६ मध्ये.

४. सगळ्यांत जास्त परदेशी लोक कुठल्या देशात?

संख्येनं अमेरिका, पुष्कळ मागे जर्मनी, मग सौदी अरेबिया आणि ब्रिटन. वाट्यानं पाहिलं तर चित्रच उलटतं: संयुक्त अरब अमिरातीत २०२० च्या अंदाजाप्रमाणे जवळजवळ ८८ टक्के, कतारमध्ये तीन-चतुर्थांश, ऑस्ट्रेलियात ३० टक्क्यांच्या आसपास, कॅनडात २०२१ च्या जनगणनेप्रमाणे २३ टक्के, अमेरिकेत १४ टक्के. जपान तीन टक्क्यांवर. आखात या रांगेत ठेवावं की नाही याबद्दल माझं मत प्रश्न १३ मध्ये आहे.

५. ‘निव्वळ स्थलांतर’ म्हणजे काय, आणि ब्रिटनच्या बातम्यांत तोच आकडा का असतो?

आलेल्यांतून गेलेले वजा केले की निव्वळ. ब्रिटनमध्ये राजकारणच या आकड्यावर चालतं, म्हणून बातम्यांत तो. अमेरिका आणि कॅनडाच्या बातम्यांत बहुधा फक्त आत आलेल्यांचा, तोही कायमच्या परवान्यांचा आकडा असतो. त्यामुळे ‘ब्रिटन ९ लाख, कॅनडा पावणेपाच लाख’ अशी तुलना निरर्थक आहे. पहिल्यात विद्यार्थी आणि नोकरदार आहेत आणि परत गेलेले वजा केलेले आहेत. दुसऱ्यात फक्त पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, मिळालेले आहेत आणि सोडून गेलेला एकही वजा नाही.

यातून एक फसवी गोष्ट घडते. एखाद्या वर्षी पुष्कळ विद्यार्थी आले की निव्वळ आकडा उंच जातो. दोन-तीन वर्षांनी तेच परत निघतात, तेव्हा नवे येणारे तेवढेच राहिले तरी निव्वळ आकडा घसरतो. ब्रिटनमध्ये जून २०२३ पर्यंतच्या वर्षात ९ लाखांवर गेलेला आकडा जून २०२५ पर्यंतच्या वर्षात २ लाखांच्या आसपास आला. त्यातला बराच भाग नियम कडक झाल्याचा (जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे अभ्यासक्रम सोडले तर विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही), पण आधीच्या लाटेतले लोक परत निघाल्याचाही आहे. ‘ब्रिटननं दार लावलं’ असा मथळा वाचताना हा दुसरा भाग विसरला जातो.

६. हे लोक मोजतात तरी कसे?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि आकड्यांचा स्वभाव त्यातूनच ठरतो.

जर्मनीत राहायला गेलात की महापालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, सोडताना नोंद रद्द करायची असते. लोक यायची नोंद चोख करतात, जायची विसरतात. ऑस्ट्रेलिया बेट असल्यानं विमानतळावरच्या पासपोर्ट-नोंदींवर चालतो: १६ महिन्यांच्या कालावधीत एकूण १२ महिने देशात राहिलात तर लोकसंख्येत धरतात. ही रीत त्यांनी २००६ पासून लावली, म्हणून त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडू नयेत.

ब्रिटनची कथा सगळ्यांत रंजक. तिथे कित्येक दशकं बंदरांवर आणि विमानतळांवर प्रवाशांना थांबवून मुलाखती घेत, आणि त्या नमुन्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधत. २००४ मध्ये पोलंडसह पूर्व युरोपातले देश युरोपीय संघात आले आणि तिथले लोक स्वस्त विमानांनी छोट्या विमानतळांवर उतरू लागले. मुलाखत घेणारे मोठ्या विमानतळांवरच जास्त. २०११ ची जनगणना झाली तेव्हा कळलं की दहा वर्षांत निव्वळ स्थलांतर सुमारे ३ लाख ४६ हजारांनी कमी धरलं गेलं होतं. २०२० नंतर ती पद्धत सोडून ते सरकारी नोंदींकडे वळले.

७. अमेरिकेचा दोनशे वर्षांचा ग्राफ असा डोंगर-दरी-डोंगर का दिसतो?

कारण तो कायद्यानं कोरलेला आहे. १९०७ मध्ये एका वर्षात १२ लाख ८५ हजार लोक आले, बहुतेक दक्षिण आणि पूर्व युरोपातून. चिनी मजुरांना १८८२ मध्येच बंदी झाली होती. १९१७ मध्ये आशियाचा मोठा पट्टा, भारत धरून, बाहेर ठेवला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. १९२१ मध्ये देशवार कोटे आले, १९२४ च्या कायद्यानं ते आणखी आवळले, आणि कोट्यासाठी मुद्दाम १८९० ची जुनी जनगणना धरली, म्हणजे नंतर आलेल्या इटालियन, पोलिश, ज्यू लोकांचा वाटा आपोआप कमी. पुढे मंदी आणि महायुद्ध. १९४६ मध्ये भारताला कोटा मिळाला तो वर्षाला १०० जणांचा. शंभर!

परदेशात जन्मलेल्यांचा वाटा १८९० मध्ये १४.८ टक्के होता, तो १९७० मध्ये ४.७ वर आला. १९६५ च्या कायद्यानं देशवार कोटे मोडून नातेवाईक आणि कौशल्य यांना प्राधान्य दिलं. तेव्हाच्या पुढाऱ्यांना यानं फार फरक पडेल असं वाटलं नव्हतं. पडला तो आशिया आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांमुळे. आज वाटा पुन्हा १४ टक्क्यांच्या घरात आहे.

एक सुळका मात्र खोटा आहे. १९९१ मध्ये १८ लाखांहून जास्त जणांना कायमचा परवाना मिळाल्याचं दिसतं. ती त्या वर्षी आलेली माणसं नव्हेत. १९८६ च्या कायद्यानं कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना नियमित केलं, त्यांची कागदोपत्री नोंद त्या सुमारास पडली. माणसं आधीपासून तिथेच होती. आजही ग्रीन कार्ड मिळणाऱ्यांत बरेचसे आधीपासून अमेरिकेत राहणारे असतात.

८. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया पूर्वीपासूनच आपल्यासाठी उघडे होते ना?

मुळीच नाही. कॅनडानं १९०८ मध्ये नियम केला की मूळ देशातून न थांबता, सलग प्रवास करून येणाऱ्यालाच घेऊ. भारतातून तसं सलग येणं जवळजवळ अशक्यच होतं. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचली, दोन महिने बंदरात उभी राहिली आणि बहुतेकांना परत फिरावं लागलं. ऑस्ट्रेलियात १९०१ च्या कायद्यात अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालू शकत. नको असलेला माणूस इंग्रजीत पास झाला तर दुसरी भाषा काढत. ती परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती.

कॅनडात १९६७ मध्ये गुणांची पद्धत आली, ऑस्ट्रेलियात वंशाची अट १९७३ मध्ये पूर्ण गेली. म्हणून १९५० ते १९७० चा भारतीयांचा ग्राफ सपाट दिसतो त्यावरून ‘तेव्हा आपल्या लोकांना जायचं नव्हतं’ असा निष्कर्ष काढू नका. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन जनगणनेत भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार होते. चीनला मागे टाकून इंग्लंडनंतर दुसरे.

९. नियम कडक केले की आकडा लगेच उतरतो, बरोबर?

हा समज इतका पक्का आहे की मी वर्गात मुद्दाम यापासून सुरुवात करतो. बऱ्याचदा आधी उलटं घडतं.

ब्रिटननं १९६२ मध्ये राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर पहिल्यांदा बंधन घातलं. कायदा येतोय ही कुणकुण लागताच भारत, पाकिस्तान आणि कॅरिबियन बेटांवरून आधीची दोन वर्षं विक्रमी संख्येनं लोक आले. कायदा झाल्यावर कामगारांचा ओघ आटला, पण आलेल्यांच्या बायका-मुलांचा सुरू झाला. कारण पूर्वी माणूस चार वर्षं कमवून गावी यायचा आणि पुन्हा जायचा. आता गेला की परत येता येईल याची खात्री नाही, तेव्हा त्यानं कुटुंबच बोलावून घेतलं.

जर्मनीत तेच. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून त्यांनी ‘पाहुणे कामगार’ आणले, काही वर्षांनी परत जातील या हिशेबानं. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकटानंतर भरती बंद केली. एकदा गावी गेल्यावर पुन्हा येण्याचा रस्ता बंद झाल्यावर अनेक तुर्क कायमचे राहिले आणि घरच्यांना घेऊन आले. दार बंद केल्यानं ये-जा थांबली, वस्ती वाढली.

तेव्हा कायदा बदललेल्या वर्षाच्या आधीची दोन आणि नंतरची पाच वर्षं पाहिल्याशिवाय परिणाम ठरवू नका. कामगार, विद्यार्थी, कुटुंब या रेषा वेगळ्या काढा. एकीला दाबलं की दुसरी फुगते.

१०. ‘कॅनडात विक्रमी स्थलांतर’ असं २०२३ मध्ये वाचलं. खरंच विक्रम होता?

संख्येनं होता: त्या वर्षी सुमारे ४ लाख ७१ हजार जणांना पीआर मिळाला. पण १९१३ मध्ये ४ लाखांहून थोडे जास्त लोक आले तेव्हा देशाची लोकसंख्या होती सुमारे ७६ लाख. म्हणजे शंभरामागे पाच. २०२३ मध्ये लोकसंख्या ४ कोटी, म्हणजे शंभरामागे सव्वासुद्धा नाही. अमेरिकेचंही तसंच: १९०७ मध्ये शंभरामागे दीड, आता अर्ध्याहून कमी. लांब काळाची तुलना करायची तर दर हजार लोकसंख्येमागे करा, नाहीतर प्रत्येक दशकात विक्रमच विक्रम दिसतील.

११. मग कॅनडानं एकदम हात का आखडला? आमच्या शेजारच्या दोन मुलांचा प्रवेश झाला होता.

पीआरचा आकडा पाहून हे कळणार नाही. फुगवटा तात्पुरत्या परवान्यांत होता. २०२३ मध्ये कॅनडाची लोकसंख्या सुमारे १२ लाख ७० हजारांनी वाढली, त्यातले ८ लाख विद्यार्थी, तात्पुरते कामगार आणि आश्रय मागणारे. घरभाडी भडकली, राजकारण तापलं. जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा आली, नोव्हेंबरमध्ये आपल्याकडच्या मुलांना सोयीची असलेली झटपट व्हिसाची एसडीएस योजना बंद झाली. पीआरचं २०२५ चं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. ‘आधी शिक्षण, मग काम, मग पीआर’ हे गणित ज्या ग्राफवरून विकलं गेलं तो पीआरचा होता, आणि त्या दारात किती जण रांगेत उभे आहेत हे त्यात कधीच नव्हतं. इथे माझा राग कन्सल्टंट लोकांवर आहे, मुलांवर नाही.

१२. भारतीयांना मिळणारी ग्रीन कार्डं फारशी वाढत नाहीत. मागणी कमी झाली का?

मागणी नव्हे, नळाची तोटी. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारताला जेवढी मर्यादा तेवढीच नेपाळला. दुसऱ्या देशांच्या न वापरलेल्या जागा उरल्या तरच जास्त मिळतात. २०२१ आणि २०२२ च्या आर्थिक वर्षांत भारतीयांचा आकडा उसळलेला दिसतो तो त्यामुळेच. कोविडमध्ये वकिलाती बंद पडल्या, कुटुंबांच्या जागा वाया गेल्या आणि त्या पुढच्या वर्षी नोकरीच्या खात्यात आल्या. नोकरीच्या जागांची एकूण मर्यादा अनुक्रमे सुमारे २ लाख ६२ हजार आणि २ लाख ८१ हजार झाली.

एक अपवाद: देश धरतात तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. बडोद्याच्या आईवडिलांचा कुवेतमध्ये जन्मलेला मुलगा भारतीय पासपोर्टवर असला तरी कुवेतच्या रांगेत, म्हणजे जवळजवळ रिकाम्या रांगेत उभा राहतो.

१३. आखातातले भारतीय या तुलनेत का धरत नाही?

धरा, पण वेगळ्या तक्त्यात. १९७३ च्या तेलाच्या भाववाढीनंतर तिथे माणसं लागली आणि आपली गेली, पण मालकाच्या हमीवर मिळणारा परवाना संपला की परत. तिथे शिल्लक मोठी असते आणि माणसं सतत बदलत असतात. कॅनडात आलेला साधारण राहतो.

भारताच्या बाजूनं पाहायचं तर सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलचे आकडे फक्त ज्यांना उत्प्रवास-परवानगी लागते त्यांचे, तेही ठरावीक १८ देशांसाठी. दहावी पास झालेल्याला ती लागत नाही, म्हणून इथून दुबईला गेलेला इंजिनियर त्यात नाहीच. पैशाचा माग जास्त बोलका आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०१६-१७ मध्ये भारतात येणाऱ्या रकमेत अमिराती पहिल्या होत्या; २०२०-२१ च्या पाहणीत अमेरिका पुढे गेली.

१४. आमचे ओळखीचे पटेल काका युगांडातून लंडनला गेले. ब्रिटन त्यांना भारतीय धरतं की आफ्रिकन?

कोणता प्रश्न विचारला त्यावर आहे. इदी अमीननं ऑगस्ट १९७२ मध्ये आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २७-२८ हजार ब्रिटनमध्ये गेले, त्यांत गुजराती पुष्कळ. कंपाल्यात जन्मलेला माणूस जन्मदेशाच्या तक्त्यात युगांडाखाली येतो. १९९१ पासून तिथल्या जनगणनेत वांशिक गटही विचारतात, त्यात तोच ‘इंडियन’. म्हणूनच २०२१ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये भारतात जन्मलेले ९ लाख २० हजार, तर स्वतःला भारतीय गटात लिहिणारे १८ लाख ६४ हजार. यात तिथेच जन्मलेली मुलंबाळंही आली. ‘भारतातून ब्रिटनला १८ लाख गेले’ हे वाक्य यावरून लिहिता येत नाही.

१५. जुने आकडे नंतर बदलतात का? माझ्या प्रोजेक्टमध्ये एकाच वर्षाचे दोन आकडे आले आहेत.

बदलतात, आणि थोडेथोडके नाही. ब्रिटनचं जून २०२३ पर्यंतच्या वर्षाचं निव्वळ स्थलांतर आधी ६ लाख ७२ हजार जाहीर झालं, वर्षभरानं तेच ९ लाख ६ हजार केलं. जर्मनीनं २०१५ मध्ये ११ लाख आश्रयार्थी आल्याचं सांगितलं, नंतर दुबार नोंदी काढून ८ लाख ९० हजार. आकड्याशेजारी तो कधी प्रसिद्ध झाला ते लिहा. सगळ्यांत नवा घ्या, आणि एका ओळीत जुना-नवा मिसळू नका.

१६. माणूस जागचा न हलता स्थलांतरित होऊ शकतो?

होतो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि एका प्रजासत्ताकात जन्मून दुसऱ्यात राहणारे लाखो लोक एका रात्रीत ‘परदेशात जन्मलेले’ झाले.

आपल्याकडे याची दुसरी बाजू आहे. वारसियातली सिंधी आजोबांची पिढी आठवा. सिंधमध्ये जन्मली, फाळणीत इकडे आली, म्हणून ती भारतातल्या ‘परदेशात जन्मलेल्यां’त मोजली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात भारतातले स्थलांतरित १९९० मध्ये ७५ लाखांच्या आसपास होते, २०२० मध्ये ४९ लाख. यावरून ‘भारतात लोक यायचे थांबले’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. मुख्यतः फाळणीची पिढी वयोमानानं जाते आहे.

१७. माझा नातू अमेरिकेत जन्मला, आता आमच्याबरोबर कारेलीबागेत राहतो. तो मोजणीत कोण?

अमेरिकेसाठी तो जन्मानं नागरिक, त्यांच्या स्थलांतरितांत कधीच नव्हता. भारताच्या जनगणनेत जन्मस्थान परदेश, म्हणजे तो इथला स्थलांतरित! हसू येतं, पण हिशेब तसाच आहे. जपानमध्ये मात्र परदेशी ‘नागरिक’ मोजतात. तिथे जन्मलेलं परदेशी आईबापांचं मूल परदेशीच राहतं, आणि जपानी नागरिकत्व घेतलेला माणूस यादीतून गळतो. जर्मनीच्या जुन्या तक्त्यांतही हेच. अमेरिकेचे ‘परदेशात जन्मलेले’ आणि जपानचे ‘परदेशी नागरिक’ शेजारी ठेवले तर तळटीप हवीच.

१८. दर वर्षी दोन लाख लोक भारत सोडतात, हे खरं का?

तो आकडा नागरिकत्व सोडणाऱ्यांचा आहे: २०२२ मध्ये २ लाख २५ हजार, २०२३ मध्ये २ लाख १६ हजार, २०२४ मध्ये २ लाख ६ हजार. ही माणसं पुष्कळ आधी गेलेली असतात, दुसरा पासपोर्ट मिळाला की इथला सोडतात, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे आजचा आकडा पाच-दहा वर्षांपूर्वीच्या प्रस्थानाचा पडसाद आहे, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेले त्यात येतही नाहीत (प्रश्न १२). २०२० मध्ये तो ८५ हजारांवर उतरला तेव्हा देशप्रेम वाढलं नव्हतं, कोविड होता.

१९. कोविडची वर्षं तक्त्यातून काढून टाकू का?

काढू नका, वेगळ्या रंगात दाखवा. फक्त २०२० ला पाया धरून ‘इतके टक्के वाढ’ काढू नका. वर्षंही जुळवा: अमेरिकेचं आर्थिक वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर, ऑस्ट्रेलियाचं जुलै ते जून, कॅनडाचे पीआर जानेवारी ते डिसेंबर.

२०. ‘डंकी’नं, म्हणजे बेकायदा मार्गानं, गेलेले कुठे दिसतात?

सीमेवर पकडल्याच्या आकड्यांत, पण ते प्रसंगांचे आकडे आहेत, माणसांचे नाहीत. मार्च २०२० ते मे २०२३ अमेरिकेत साथीच्या कायद्याखाली लोकांना तत्काळ मागे ढकलत. तोच माणूस चार वेळा आला तर चार नोंदी. आत राहणाऱ्यांचा अंदाज वजाबाकीनं काढतात: पाहणीत दिसलेले परदेशी, उणे कायदेशीर आलेले. अशा आकड्याला दशांश चिन्ह लावलेलं दिसलं की सावध व्हा.

२१. हे सगळं ठीक, पण मुलाला कुठे पाठवू?

ग्राफ याचं उत्तर देत नाही. तो भूतकाळ सांगतो, आणि मूल पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा नियम दुसरे असतील. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. आधीच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या कुणाच्या हिशेबात ते होतं? त्याउलट जर्मनीनं २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठी वर्षाला द्यायच्या व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजार केली. मी पालकांना एवढंच विचारतो: पीआर मिळालाच नाही आणि मुलगा दोन वर्षांत परत आला, तर कर्ज फिटेल का? फिटत असेल तर देश कुठलाही चालेल.

२२. बडोद्यातून किती मराठी माणसं परदेशात गेली, कुठे मिळेल?

मिळणार नाही. इथून जाताना कोणी भाषा विचारत नाही, आणि तिथे जन्माचा देश लिहितात, शहर नाही. जवळात जवळचा मार्ग म्हणजे तिथल्या जनगणनेतली भाषा. कॅनडा मातृभाषा विचारतो, ऑस्ट्रेलिया घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता ते विचारतो. पण ऑस्ट्रेलियाच्या फॉर्मवर एकच भाषा लिहायची असते, सर्वांत जास्त बोलली जाणारी. दांडिया बाजारातली जी मुलगी गुजराती घरात देऊन मेलबर्नला गेली, आईशी फोनवर मराठी आणि सासूशी गुजराती बोलते, ती त्या रकान्यात काय लिहील ते तिलाच विचारा. आणि नागपूरचा मराठी माणूस व बडोद्याचा मराठी माणूस यांत तो तक्ता फरक करत नाही, तेव्हा शहरापर्यंत पोचायचं तर ओळखीच्या घरांची यादी करून फोन लावणं हाच मार्ग उरतो.